हॉलमध्ये नक्की कोण बसतं?

घराचं रिनोव्हेशन काढलं की सगळ्यात जास्त वाद हॉलवरून होतात. सोफा एल-शेप घ्यायचा की साधा, फॉल्स सीलिंग हवं की नको, टीव्ही युनिट केवढं. पण कोटेशन मागवायच्या आधी या खोलीचा इतिहास बघू. कारण तिच्यात एक प्रश्न कायम लपलेला आहे: इथे बसायचा मान कुणाला?

सुरुवात वाड्यापासून. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत चौक, ओसरी, माजघर, दिवाणखाना अशी रचना असायची. बाहेरचा माणूस कुठपर्यंत येणार, हे त्याची जात, ओळख आणि काम यावर ठरायचं. कुणी अंगणातूनच परत, कुणी ओसरीपर्यंत, मोजकेच दिवाणखान्यात. घरातल्या बायकांचा वावर माजघरात. दिवाणखान्यातली बैठक पुरुषांची. फर्निचर म्हणाल तर जवळजवळ नाहीच. गादी, पांढरी चादर, लोड, तक्के. पण लोडाला कोण टेकलंय आणि कडेला कोण बसलंय, एवढ्यावरून सगळं कळायचं.

१७९० साली पुण्यात पेशवे, इंग्रज आणि निजाम यांच्यात टिपूविरुद्ध तह झाला. सवाई माधवरावांच्या त्या दरबाराचं थॉमस डॅनिएलने काढलेलं मोठं चित्र आहे, नेटवर शोधा. इंग्रज वकील मॅलेट त्यात बैठकीवरच दिसतो. दरबार पेशव्यांचा, म्हणून बसायची पद्धतही त्यांचीच! १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुढे कचेरी, कोर्ट, कॉलेज यांच्याबरोबर खुर्ची आपल्याकडे रुळली. सत्तेला आपण आजही 'खुर्ची'च म्हणतो, ते उगाच नाही.

आता मुंबईत येऊ. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिथे 'हॉल' कुठला? जी जागा दिवसा बसायची, तीच रात्री झोपायची, तिथेच अभ्यास, तिथेच पाहुणे. म्हणून सामानही तसंच: लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंका, घडीचं टेबल. गप्पांची बैठक बाहेर गॅलरीत.

गंमत म्हणजे त्याच शहरात १९३७ साली टाउन हॉलमध्ये आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं होतं. आधुनिक खोल्या सजवून दाखवल्या होत्या. आजच्या सॅम्पल फ्लॅटचे आजोबाच म्हणा ना!

मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आधी माणसं समोरासमोर बसायची. हळूहळू सगळ्या खुर्च्या एकाच भिंतीकडे वळल्या. ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या घरात रविवारी अख्खा मजला! शेजारची पोरं अगदी पुढे, फरशीवर. दिवाणखाना गेला, पण 'दिवाण' मात्र उरला, आत गाद्या-चादरी भरून.

२०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५००. कित्येकांच्या घराण्यात 'बसायची वेगळी खोली' पहिल्यांदाच आली.

आणि म्हणून तो जुना प्रश्न परत. सात जणांचा सोफा असलेल्या हॉलमध्येही कामाला येणाऱ्या मावशी चहा कुठे बसून घेतात? बहुतेक घरांत खाली फरशीवर, नाहीतर किचनच्या दाराशी. वाडा पडला, ओसरी गेली, पण ती रेघ आपण टाइल्सवरही तशीच ओढलीय. ती पुसायला इंटिरियर डिझायनर लागत नाही. "मावशी, वर बसा," एवढं म्हटलं तरी सुरुवात होते.

तुमच्या घरात कोण कुठे बसतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!