मराठी संकेतस्थळ पारखण्याची साधने

पडद्यावर मराठी अक्षरे नीट उमटली म्हणजे संकेतस्थळ मराठी झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तोच मजकूर कधी शोध घेऊनही सापडत नाही, कधी दृष्टिहीन वाचकाला भलत्याच उच्चारांत ऐकू येतो, तर कधी काही वर्षांत नाहीसा होतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळे व ग्रंथालये आपल्या स्मरणिका आणि अहवाल महाजालावर आणू लागली, की हा प्रश्न त्यांच्याही दारात येतो. सुदैवाने या उणिवा शोधण्याची साधने विनामूल्य आहेत आणि ती वापरण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

भाषेची नोंद: विकसक साधने

संगणकावरील बहुतेक ब्राउझरांत पान उघडून ‘एफ १२’ ही कळ दाबली की त्या पानाची अंतर्गत रचना दिसते. तिच्या आरंभीच ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. मराठीसाठी तेथे ‘एम-आर’ ही दोन रोमन अक्षरे हवीत. हिंदीसाठी ‘एच-आय’, तर कोंकणीसाठी ‘के-ओ-के’ असा संकेत आहे. तयार आराखड्यावर बेतलेल्या पानांत पुष्कळदा इंग्रजीचीच नोंद राहून जाते.

या दोन अक्षरांचे महत्त्व मोठे आहे. मजकूर वाचून दाखवणारी स्क्रीन रीडर प्रणाली कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा, हे या नोंदीवरून ठरवू शकते. लिपीचे वळणही तिच्यावर अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण मानलेले पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे हिंदी वळणाहून वेगळे आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे साठवलेली असतात. पानाची भाषा मराठी असल्याचे कळले, तरच त्यांतील मराठी वळण उमटते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, म्हणजेच डब्ल्यू-थ्री-सी, या संस्थेचा आंतरराष्ट्रीयीकरण तपासक पानाचा पत्ता देताच ही नोंद आणि अक्षरांची संकेतप्रणाली तपासून देतो.

अक्षरांची ओळख: युनिव्ह्यू

रिचर्ड इशिदा यांनी तयार केलेल्या ‘युनिव्ह्यू’ या साधनात एखादा शब्द चिकटवला की त्यातील प्रत्येक घटकाचे युनिकोडमधील नाव व क्रमांक दिसतात. एरवी डोळ्यांना न दिसणारे भेद येथे उघड होतात.

‘ॲ’ हे अक्षर त्याचे ठळक उदाहरण. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. परंतु ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक (०९७२) मिळाला तो २००८ मध्ये. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवले जाई. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. एका रूपाने शोध घेतला, तर साध्या शोधात दुसऱ्या रूपातील शब्द हाती लागत नाही.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठीला अर्थासाठी आवश्यक आहे. ‘दऱ्या’तील अर्धा ‘र’ दोन रीतींनी टंकता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. म्हणून संस्थेने एकच रीत ठरवावी आणि जुना मजकूर तीनुसार सुधारून घ्यावा.

युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराची स्थिती याहून बिकट आहे. त्यांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. असा मजकूर युनिव्ह्यूत टाकला की मराठी शब्दाऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावाचून शोधास उपयोगी पडत नाही. रूपांतरानंतर जोडाक्षरे मात्र मुळाशी ताडून पाहावीत.

टंकांची निवड: गूगल फॉन्ट्स

२०१० मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात मुक्त परवान्याचे अनेक देवनागरी टंक आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ त्यांपैकीच. टंक निवडण्यापूर्वी नमुन्याच्या चौकटीत ‘लोकशाही’, ‘दऱ्या’, ‘ॲप’ आणि ‘डोळ्यांत’ हे शब्द लिहून पाहावेत. एवढ्या चाचणीत मराठीच्या बहुतेक अडचणी लक्षात येतात.

जतन: वेबॅक मशीन

ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे इंटरनेट आर्काइव्ह स्थापन केले. त्याचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुले आहे. बंद पडलेल्या संकेतस्थळाचा जुना पत्ता तेथे दिल्यास, जतन झालेली पाने दिनांकानुसार पाहता येतात. चालू पानाची प्रत आपणही तेथे जमा करू शकतो. मात्र पान जसे असेल तसेच तेथे साठवले जाते. जुन्या टंकातील मजकूर तेथे सुरक्षित राहिला, तरी तो वाचण्यास तो विशिष्ट टंक लागतोच.

म्हणूनच हा क्रम लक्षात ठेवावा: आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, पानावर मराठीची नोंद करावी, अक्षरे तपासावीत आणि मगच त्याची प्रत जमा करावी. स्मरणिकेचे पान पडद्यावर आणणे हा केवळ आरंभ आहे. ते उद्याच्या वाचकाला सापडले आणि वाचता आले, तरच ते जपले असे म्हणता येईल.