घरगुती प्रक्षेपण पडदा

घरगुती प्रक्षेपण पडदा म्हणजे प्रक्षेपकातून (प्रोजेक्टर) येणारी प्रतिमा दिवाणखान्यात पाहण्यासाठी घरच्या घरी तयार केलेला पृष्ठभाग होय. तो लाकडी चौकटीवर कापड ताणून किंवा भिंत रंगवून तयार करतात.

पूर्वपीठिका

पडद्यावर चित्रे दाखवण्याची कला चित्रपटापूर्वीची आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखवण्यात आली. त्या काळी पडद्यामागून प्रक्षेपण करायचे असल्यास प्रकाश आरपार यावा म्हणून कापड ओले करण्याची रीत होती. समोरून प्रक्षेपण करताना कापडाचा हाच आरपारपणा दोष ठरतो.

परावर्तन व खोलीतील उजेड

चांगल्या पडद्यावरून प्रकाशाचे अनियमित परावर्तन होते, म्हणजे तो सर्व दिशांना सारखा विखुरतो. त्यामुळे कडेला बसलेल्यासही प्रतिमा तितकीच उजळ दिसते. चकचकीत ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर मात्र मध्यभागी प्रखर ठिपका उमटतो.

प्रक्षेपक काळा रंग टाकू शकत नाही; चित्रातील काळा भाग म्हणजे प्रकाश न पडलेला पडदा. खोलीतील उजेड त्यावर पडला की काळा भाग राखाडी होतो. कर्णाची लांबी १०० इंच व १६:९ प्रमाण असलेला पडदा सुमारे २२१ सेंमी रुंद व १२५ सेंमी उंच असतो आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर भरते. २००० ल्युमेनच्या प्रक्षेपकातून त्यावर सुमारे ७२५ लक्स प्रकाश पडतो. दिव्यांमुळे पडद्यावर आणखी १०० लक्स पडत असतील, तर पांढऱ्या व काळ्या भागांचे गुणोत्तर जेमतेम ८:१ उरते. तोच उजेड ५ लक्सवर आणल्यास ते सुमारे १४६:१ होते (यात प्रक्षेपकातून काळ्या भागावर झिरपणारा प्रकाश धरलेला नाही).

करड्या रंगाने हा दोष जातो, असा समज प्रचलित आहे. साधा करडा रंग प्रक्षेपकाचा प्रकाश आणि खोलीतील उजेड दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करतो, त्यामुळे वरील गुणोत्तर बदलत नाही. पडद्यावरून भिंतींवर जाऊन परत येणारा प्रकाश मात्र त्याने काहीसा घटतो. छतावरून येणारा उजेड टाळणाऱ्या खास पडद्यांच्या पृष्ठभागाची रचनाच वेगळी असते. ती रंगाच्या डब्यातून मिळत नाही. म्हणून महागड्या रंगापेक्षा खिडक्यांना जाड पडदे लावण्यावर केलेला खर्च अधिक उपयोगी ठरतो.

कापड व चौकट

पांढरी चादर सर्वांत स्वस्त असली तरी तिच्यातून बराच प्रकाश मागे निघून जातो आणि मागच्या भिंतीवरून परत येऊन प्रतिमा पुसट करतो. मागे काळे कापड लावल्यास पुसटपणा जातो, पण वाया गेलेला प्रकाश परत मिळत नाही. त्यामुळे प्रकाश अडवणारे पांढरे ब्लॅकआउट कापड पसंत केले जाते. कापडाचा पन्हा आधी पाहावा लागतो. वरील मापाच्या पडद्यास दुमडपट्टीसह सुमारे १४० सेंमी उंची लागते. ५८ इंची पन्हा त्यास पुरतो. ४४ इंची पन्ह्यास जोड द्यावा लागतो आणि त्याची शिवण प्रत्येक दृश्यात दिसते.

चौकटीचे लाकूड वाळलेले असावे. ओले लाकूड वाळताना पीळ खाते. चारही कोपऱ्यांत लोखंडी कोन ठोकून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही समान आले, तर चौकट काटकोनात आहे असे समजावे. कापडाच्या ताणाने लांब पट्ट्या आत वाकतात, म्हणून मध्ये उभी पट्टी देतात. ती कापडाला टेकू नये यासाठी थोडी मागे बसवतात. कापड प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून ताणत स्टेपलने पक्के करतात. एका टोकाकडून सुरुवात केल्यास तिरप्या सुरकुत्या पडतात व त्या पुढे निघत नाहीत. शेवटी कडेने काळ्या मखमलीची पट्टी लावतात. प्रतिमेबाहेर सांडलेला प्रकाश ती शोषून घेते.

रंगवलेली भिंत

भिंत वापरायची असल्यास टॉर्च भिंतीलगत तिरपी धरून गिलाव्यातील उंचवटे शोधतात. त्यावर पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून, चकाकी नसलेला पांढरा रंग रोलरने देतात. अशी भिंत हलत नाही आणि तिला सुरकुत्याही पडत नाहीत; मात्र प्रक्षेपक तिच्या अगदी समोर बसवण्याइतकी जागा खोलीत असावी लागते. तो तिरपा ठेवून प्रतिमा यंत्रातील सोयीने चौकोनी केल्यास प्रतिमेचे काही बिंदू वापरात येत नाहीत आणि बारीक अक्षरे अस्पष्ट होतात.