हात लावून पाहिलं का?

परवा आईला मॅमोग्राफीला घेऊन गेले होते. (हो, शेवटी तयार झाली. तीन वर्षं "पुढच्या महिन्यात बघू" चाललं होतं.) आतून बाहेर आली ती कुरकुरतच. "एवढं दाबतात कशाला गं? पापड लाटायचाय का त्यांना?"

मला काही उत्तर देता आलं नाही. मग घरी येऊन शोधत बसले आणि नेहमीप्रमाणे निघाले एकीकडे, पोचले भलतीकडेच. तेच आज इथे लिहितेय.

स्तनाचा एक्स-रे काढायची कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी. आल्बर्ट सालोमन नावाच्या बर्लिनच्या सर्जनने १९१३ मध्ये, ऑपरेशन करून काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे काढून गाठी कशा दिसतात ते नोंदवलं. जिवंत बाईला त्याचा काही उपयोग नव्हता, पण सुरुवात तिथून झाली. (हे सालोमन ज्यू होते. पुढे नाझींच्या छळछावणीतून कसेबसे सुटले. त्यांची मुलगी चित्रकार शार्लोट मात्र ऑशविट्झमध्ये मारली गेली. हे वाचल्यावर मी तासभर दुसरं काही वाचू शकले नाही.)

दाबण्याचं श्रेय उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांना. १९४९ च्या सुमारास त्यांनी दाखवलं, की स्तन दाबून पातळ केला तर आतल्या ऊती पसरतात, एकमेकींमागे लपत नाहीत आणि चुन्याचे अगदी बारीक कणसुद्धा फोटोत दिसतात. हे कण कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असतात. तर आई, तुझ्या पापडाचं मूळ माँटेव्हिडिओत आहे!

मग १९६३ चं न्यूयॉर्क. फिलिप स्ट्रॅक्स या डॉक्टरांची बायको याच आजाराने ऐन तिशीत गेली होती. त्यांनी सॅम शापिरो आणि लुई व्हेनेट यांच्याबरोबर एका आरोग्य विमा योजनेतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० बायकांवर पहिली मोठी चाचणी केली. निम्म्यांना दरवर्षी तपासणीला बोलावलं, निम्म्यांना नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर बोलावलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. जगभर मॅमोग्राफीचा डंका वाजला तो इथून.

पण या चाचणीतली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या बायकांचा नुसता फोटो काढत नव्हते, डॉक्टर हातानेही तपासत होते. तपासणीत जे १३२ कॅन्सर सापडले, त्यातले ५९ फक्त हाताला लागले, फोटोत दिसलेच नाहीत. फक्त फोटोत दिसले ४४. उरलेले २९ दोन्हीकडे. तेव्हाचे फोटो आजच्याइतके चांगले नव्हते हे खरंच. तरी हा आकडा वाचला आणि मला एकदम आत्या आठवली.

घरच्यांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आत्या पैठण तालुक्यातल्या गावात राहायची. २००८ मध्ये तिच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. (ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हेच तर वाईट. दुखली असती तर लवकर दाखवली असती.) काही महिन्यांनी गेली एका डॉक्टरांकडे. त्यांनी पदर न हलवता दोन प्रश्न विचारले आणि गोळ्या दिल्या. तिलाही हायसं वाटलं, बाप्या माणसापुढे उघडं व्हायची वेळ आली नाही. पुढे जवळजवळ वर्षाने आईने खोदून विचारलं, "वन्सं, त्यांनी हात लावून पाहिलं का?" तेव्हा कुठे खरं कळलं. आमच्या संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू व्हायचं होतं. ते झालं २०१२ मध्ये. आत्याला बार्शीला नेलं. गाठ काखेपर्यंत गेली होती. २०१३ च्या पोळ्यानंतर आत्या गेली.

तर त्या ५९ बायका वाचून मी पुढे शोधत गेले आणि टाटा हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रांपाशी येऊन थांबले. १९९४ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मॅमोग्राफीशिवाय नुसत्या हाताच्या तपासणीची बाजू मांडली होती. आपल्याकडे मशीन किती, फोटो वाचणारे किती, आणि दर एक-दोन वर्षांनी कोट्यवधी बायकांना बोलावणार कोण? शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. त्या वयात ऊती दाट असतात, फोटोत पांढऱ्या दिसतात, आणि गाठही पांढरीच!

नुसतं लिहून ते थांबले नाहीत. १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका, वस्त्यांचे २० गट. दहा गटांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या, हाताने तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. शाळा शिकलेल्या, याच कामासाठी तयार केलेल्या साध्या बायका होत्या. उरलेल्या दहा गटांत एकदा माहिती दिली आणि मग दर दोन वर्षांनी विचारपूस. किती वर्षं? जवळपास वीस! निकाल २०२१ मध्ये 'बीएमजे'त छापून आला.

निकाल सरळ नाही, म्हणूनच मला तो आवडला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सापडलेल्या बायका ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठामपणे टिकत नाही. ५० च्या पुढच्या बायकांत मात्र सुमारे ३० टक्के घट, आणि ती टिकते. पन्नाशीच्या आत मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसलाच नाही. म्हणजे हात काही जादूची कांडी नाही. आणि मॅमोग्राफी फुकट आहे असंही मी म्हणत नाही. आईची करून आणलीच ना!

एक गोष्ट मात्र मनात खुपत राहते. दुसऱ्या गटातल्या त्या ७६,१७८ बायका. त्यांच्या दारी येऊन विचारलं, पण तपासलं नाही. तुलना हवी तर कुणीतरी त्या बाजूला असावंच लागतं, हे डोक्याला पटतं. याच प्रकल्पात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही तपासणी होती आणि त्या भागावरून पुढे बराच वादही झाला. मी काही निवाडा करू शकत नाही. पण पन्नाशी उलटलेल्या आत्याला मी सारखी त्या दुसऱ्या गटात बसवून बघते.

आणि बार्शी! ते तर आपल्या दाराशी. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका, आणि मराठवाड्यातले भूम-परांडा. नोंदी करायला माणसं गावोगाव फिरायची, सरपंचाशी, बायकांशी बोलायची, लक्षणं सांगायची. उद्देश फक्त मोजणी करण्याचा. पण काही वर्षांत दिसलं, की गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या बायका आधीच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्यात. नुसत्या बोलण्याने!

कागदावर आता हे सगळीकडे आहे. २०१६ च्या सरकारी सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी तपासणी झाली का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा नाही.

आईचा रिपोर्ट काल आला, काही नाही. तिने लगेच पुरणाचा घाट घातला. मी आत्याच्या गावच्या आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उपकेंद्रात सीएचओ मॅडम आहेत, त्या तपासतात, पण बायका बीपी-शुगर करून निघून जातात. "तुम्ही घरच्या चारजणी घेऊन या, म्हणजे बाकीच्या येतील."

तर रविवारी गावी जायचं म्हणते. सोमवारी सकाळी उपकेंद्र. धाकट्या काकू तयार आहेत. मोठ्या वहिनी, तुमचंही नाव दिलंय. फोन उचला.