एक दिरहम घराला, एक कुऱ्हाडीला

गेल्या शुक्रवारी नमाजनंतर मशिदीबाहेर नेहमीची रांग होती. एका गृहस्थांनी एका धडधाकट पोराच्या हातावर दहाचं नाणं ठेवलं आणि वर सुनावलं, "इस्लाममध्ये भीक मागणं हराम आहे, माहीत आहे ना?" पोरगं मान खाली घालून उभं. मला मदिनेतली एक गोष्ट आठवली. आपण ती अर्धीच सांगतो, म्हणून आज पूर्ण लिहितोय.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ती आहे. एक अन्सारी माणूस पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात काही आहे का, असं त्यांनी विचारलं. होतं फक्त एक जाडंभरडं कापड, अर्धं पांघरायचं, अर्धं अंथरायचं. आणि पाण्याचा एक वाडगा. पैगंबरांनी दोन्ही मागवून तिथेच लिलाव केला. पहिली बोली एक दिरहमची. कुणी वाढवतंय का, असं त्यांनी दोन-तीनदा विचारलं. शेवटी दोन दिरहमला वस्तू गेल्या.

एका दिरहमचं घरच्यांना अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. लाकडं तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस, असं सांगून पाठवलं. माणूस परतला तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते.

आता क्रम बघा. आधी चौकशी, मग घरच्यांचं पोट, मग अवजार. मागण्याचा डाग कयामतच्या दिवशी चेहऱ्यावर दिसेल, हा उपदेश सगळ्यात शेवटी, तो माणूस कमावता झाल्यावर. त्यातही तिघांना सूट: अगदी कंगाल, कर्जाने पिचलेला आणि रक्ताच्या भरपाईखाली दबलेला.

आपण मात्र उपदेशापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. मागणाऱ्याला झिडकारू नका, हे कुरआनात (सूरह ९३) सांगितलंय, ते सोयीने विसरतो. मीही वर्षानुवर्षं सुटी नाणी वाटून मोकळा होत आलोय.

त्या पोराला विचारलं, काय काम येतं? म्हणाला, पंक्चर काढता येतं, पण सामान नाही. हवेचा पंप आणि बाकी सामानाचा भाव काढून आलोय. पहिली बोली माझी.

कोण वाढवतंय?