सुट्या भागांची बंदूक

जगात माणसांचे दोनच प्रकार. एक वस्तू विकत आणणारे आणि दुसरे वस्तू जोडणारे. आमचा वाशीम जिल्हा पहिल्यापासून दुसऱ्या प्रकारातला. आमच्याकडे अख्खी नवी सायकल फार तर जावयाला द्यायला घेत. स्वतः चालवायची सायकल म्हणजे फ्रेम रिसोडच्या भंगारातली, चाकं मेव्हण्याची, सीट कुणाची ते विचारू नये. रेडिओचंही तेच. खुद्द जिल्हासुद्धा तसाच. इंग्रजांनी १९०५ साली तो मोडून अकोल्याला जोडला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा सुटा करून आमच्या हातात दिला.

तेव्हा आयटीआय केलेल्या माझ्या भाच्याने एक दिवस येऊन, “मामा, मले यक रायफल जोडाची हाये,” असं म्हटलं, तेव्हा मी फारसा दचकलो नाही. दचकली त्याची मामी. भाचा म्हणाला, “अमेरिकेत पोट्टे घरच्या टेबलावर जोडतात. सुटे भाग टपालानं येतात. बाजारात घ्याले जा तं परवडत नाही. मी तं फिटर हावो मामा, मले कायले नाही जमणार?”

अमेरिकेबद्दलचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथल्या कायद्याने बंदुकीतला एकच सांगाडा तेवढा ‘बंदूक’ ठरवला आहे. त्याच्यावर नंबर असतो, तो परवानेवाल्या दुकानदाराकडूनच घ्यावा लागतो. बाकीची नळी, दस्ता, चाप वगैरे मंडळी कायद्याच्या दृष्टीने बिजागरीच्या पंक्तीला बसतात. पण मी पडलो इतिहासाचा निवृत्त मास्तर. फिटरला उत्तर द्यायला माझ्याकडे पान्हा नाही, सनावळी आहे. म्हटलं, बस. चहा येईपर्यंत ऐक.

बंदुकीला ‘सुटे भाग’ असतात, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. आपल्याकडची तोड्याची बंदूक एका लोहाराची असे. त्यानेच नळी वळवायची, त्यानेच चाप घासायचा. एकीचा चाप दुसरीला लावायचा म्हणजे एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासारखं. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लँक नावाच्या कारागिराने १७८५ च्या सुमाराला एका मापाचे भाग करून दाखवले. ते बघून अमेरिकेचा वकील जेफर्सन इतका हरखला, की त्याने लगेच मायदेशी पत्र धाडलं. पुढे १७९८ मध्ये एली व्हिटनी या गृहस्थाने अमेरिकन सरकारकडून दोन वर्षांत दहा हजार बंदुका देण्याचा मक्ता घेतला. १८०१ साली बड्या मंडळींसमोर ढिगातला कुठलाही भाग उचलून बंदुकीला बसवून दाखवला. टाळ्या पडल्या. शेवटची बंदूक मात्र पोचली १८०९ साली! आणि मागाहून अभ्यासकांनी त्याच्या बंदुका खोलल्या, तेव्हा भाग एकमेकांना बसेनात. मक्तेदार इथूनतिथून सारखेच, असं आमच्या गावच्या पुलाकडे बघून वाटायचं, त्याला असा परदेशी आधार मिळाला.

स्वस्त बंदुकीचा विक्रम मात्र आपल्या मराठी दौलतीच्या नावावर आहे. महादजी शिंद्यांनी १७८५ मध्ये आग्रा घेतलं. तिथे सँगस्टर नावाचा एक स्कॉच माणूस त्यांच्या पदरी होता. आधी गोहदच्या राण्याकडे असलेला हा गडी तोफा तर ओतायचाच, पण युरोपातल्या तोडीची बंदूक दहा रुपयांत उतरवायचा. दहा रुपये! भाच्याने इथे खिशातली वही काढली. त्याला सांगावं लागलं, की बाबा, ती रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. ही नळी आतून गुळगुळीत, आणि दहा रुपये म्हणजे त्या काळचे. शिवाय दहा रुपयांत बंदूक होते ती एक केल्याने नव्हे, पलटणींच्या पलटणी पुरवल्याने. एका माणसाची एक बंदूक ही जगातली सगळ्यात महाग बंदूक असते. ऑक्टोबर १८०३ मध्ये लॉर्ड लेकने आग्रा जिंकलं आणि तो भाव कायमचा बंद झाला.

पुढे १८७८ साल आलं. लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवाना नसेल तर हत्यार बाळगायचं नाही, करायचंही नाही. गोऱ्या साहेबाला मात्र सूट. गावोगावचे जे हात नळ्या वळवत होते, ते कोयते आणि वखराच्या पासा करू लागले. कलाच ती. दोन पिढ्या हात फिरला नाही की आपोआप विसरते.

आणि म्हणूनच यापुढचा बंदूक करू पाहणारा मराठी माणूस लोहार नव्हता, नाटककार होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. ‘कांचनगडची मोहना’ लिहिणारे, ‘केसरी’त टिळकांच्या शेजारी बसून अग्रलेखाला धार लावणारे. बंदुकीच्या बाबतीत नवशिका म्हणावा तर यांच्याइतका कोणी नाही. नाटकातल्या बंदुकीला एक लाकूड आणि थोडा रुपेरी रंग पुरतो. पण विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत हे गृहस्थ खरोखरच्या बंदुकांचा कारखाना काढायला नेपाळात गेले. चित्रशाळेचे वासुकाका जोशी या बेतात होते. नेपाळ का? तर इंग्रजांचा कायदा तिथे चालत नव्हता. जर्मनीतल्या क्रुपशी संधान बांधायचं, यंत्रं आणायची आणि हत्यारं पाडायची, असा मनसुबा.

आता बंदुकांचा कारखाना अशी पाटी तर लावता येत नाही. म्हणून खाडिलकरांनी तिथे ‘कृष्णराव’ या नावाने कौलांचा कारखाना काढला! मला या गोष्टीतली हीच जागा फार आवडते. सांगलीचा बी.ए. झालेला माणूस, हिमालयाच्या पायथ्याशी, चिखल मळून घेतोय. कौलं बहुधा बरी होत असावीत. मराठी माणूस खोटा धंदासुद्धा प्रामाणिकपणे करतो आणि खरा धंदा राहून जातो. नेपाळात १९०१ च्या जूनमध्ये देव शमशेर जाऊन चंद्र शमशेर पंतप्रधान झाले होते, आणि त्यांचा ओढा इंग्रजांकडे. बेत फसला. खाडिलकर परतले आणि पुन्हा दौतीत टाक बुडवला. १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. सरकारला त्यातल्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. म्हणजे हत्यार झालं होतं, फक्त माल वेगळा होता.

गंमत अशी, की खाडिलकर जिथे कौलं भाजत होते, त्या नेपाळात तेव्हा देशी रायफली होत होत्याच. गेहेंद्र शमशेर नावाच्या राणा घराण्यातल्या हिकमती माणसाच्या नावाने त्या ओळखतात. सगळं काम हाताचं. एकेक भाग कानशीने घासून बसवलेला. या बंदुका काठमांडूच्या जुन्या वाड्यात शंभरेक वर्षं धूळ खात पडल्या आणि २००३ च्या सुमाराला अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी हजारोंनी विकत नेल्या. तिथले हौशी लोक आता त्या टेबलावर खोलून बसतात. एकीचा भाग दुसरीला बसत नाही!

इथवर येईतो चहा गार झाला होता. भाच्याने वही मिटली आणि हळूच म्हणाला, “मामा, शौक नाही हो. तुरीचं वावर पाहा एकदा.”

मी पाहिलं होतं. रात्रीत रानडुकरांचा कळप येऊन गेला की शेत नांगरल्यासारखं दिसतं. डुक्कर गेलं की रोही येतात, आणि ते कुंपण असं ओलांडतात जसं आपण उंबरा. बी-बियाण्याचं, खताचं कर्ज तेवढं जागच्या जागी राहतं. त्यापुढे माझी सनावळी काय कामाची? तरी जे खरं ते सांगितलं. आज विनापरवाना बंदूक करणं म्हणजे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, निदान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तूर तीन वेळा पेरून निघेल तरी फिटर आतच. बरं, १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी परवान्याची सोय लिहिली आहे, ठासणीच्या बंदुकीची! दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, तोवर डुकराने अर्धा एकर संपवून पाणी प्यायला जावं. आणि नेम लागलाच तर १९७२ चा वन्यजीव कायदा दारात उभा. त्याची परवानगी वेगळी.

भाचा गेला, पण ते कलम तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांनी एखादी रात्र मंगरूळपीरच्या बाजूला माळ्यावर काढली असती तर बरं झालं असतं. हल्ली आमच्याकडे कोणी झटका मशीन बसवतं, कोणी कुत्र्यांचं भुंकणं भरलेला भोंगा रात्रभर लावतं. ज्याला तेही जमत नाही, तो घरातल्या जुन्या साड्या गोळा करून वावराभोवती बांधतो. लाल, हिरव्या, जरीच्या. सासूची एक, सुनेच्या दोन, एखादी लग्नातली. पहिले आठ दिवस डुकरं बिचकतात. नवव्या दिवशी साडीखालून आत शिरतात.