शिकवण्याआधीचे शिकणे

आपल्या वाङ्मयेतिहासांत ‘ख्रिस्ती मिशनऱ्यांची कामगिरी’ अशा मथळ्याचे एखादे प्रकरण बहुधा असतेच. व्याकरणे, कोश, बायबलची भाषांतरे आणि नियतकालिके यांची नोंद होते व प्रकरण संपते. विद्यार्थी ती यादी पाठ करतात. आम्ही शिक्षक ती सांगून पुढे जातो. ही माणसे या परमुलखात राहिली कशी, रुजली कशी, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो. आम्हांला तो वाङ्मयाबाहेरचा वाटत नाही. अर्वाचीन मराठी गद्याचा एक धागा या स्थिरावण्यातूनच ओवला गेला आहे.

प्रारंभ मुळीच सुखाचा नव्हता. १८१२ मध्ये कलकत्त्यास उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीने देश सोडण्याचा हुकूम दिला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे कसेबसे मुंबईकडे निसटले व फेब्रुवारी १८१३ मध्ये तेथे पोहोचले. त्याच तुकडीतील हॅरिएट न्यूएल ही तरुणी आश्रय शोधत असताना मॉरिशस बेटावर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारली. प्रकृती खालावल्यामुळे नॉट १८१५ मध्ये परतले. तिचे पती सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये, तर हॉल १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने मरण पावले. हॉल यांचे वय तेव्हा अवघे एक्केचाळीस होते. ‘मिशनऱ्यांची कामगिरी’ हे शब्द उच्चारताना ही किंमत ध्यानी ठेवावी लागते.

जे जगले त्यांना आधी विद्यार्थी व्हावे लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले, पण प्रथम कोकणात, बाणकोट-हर्णैच्या परिसरात, मराठी शिकण्यासाठी जाऊन राहिले. ज्यांना धर्म ‘शिकवायचा’ त्यांच्याचकडून भाषा शिकायची, ही अवस्था विलक्षण आहे. ज्या समाजाला आपण अज्ञानी मानून आलो, त्याच समाजातील पंडितासमोर धडा गिरवण्यास बसावे लागे. त्यांच्या मूळ भूमिकेला या अनुभवाने कितपत तडा गेला, हे ठामपणे सांगता येणार नाही. परंतु परकेपणाचे पहिले कवच भाषेनेच सैल केले, एवढे निश्चित.

मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा उभ्या केल्या आणि १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र पतीने सिद्ध केल्यामुळे त्यांचे मन आपल्यापर्यंत थोडेफार पोहोचते. सिंथिया फॅरार यांच्या वाट्याला तसा ग्रंथ आला नाही. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या या पहिल्या अविवाहित स्त्री मिशनरी १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या. १८३७ मध्ये प्रकृतीमुळे मायदेशी गेलेल्या फॅरारबाई १८३९ मध्ये परतल्या, अहमदनगरला स्थिरावल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. पती नाही, ग्रंथ नाही, म्हणून वाङ्मयेतिहासात नाव नाही. मात्र नगरमधील त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि पुढे स्वतःच्या कार्याची प्रेरणा म्हणून त्यांनी या शाळांचा निर्देश केला. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही चरित्रकार फॅरारबाईंचे नाव जोडतात. ग्रंथांच्या यादीत न मावणारी कामगिरी कशी असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

येथे कृतज्ञतेत वाहून जाण्याचा मोह आवरला पाहिजे. या शाळांचा अंतिम हेतू धर्मांतर हाच होता आणि तो लपवलेलाही नव्हता. पालकांची भीती त्यामुळे निव्वळ कल्पित म्हणता येत नाही. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि विल्सन यांच्या विद्यालयातील पट घसरला. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन स्वजातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केलेली खटपट प्रसिद्धच आहे. शिक्षक वर्गात स्थिरावत होता, त्याच वेळी एखाद्या घराचा पाया हलत होता. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडल्या.

म्हणूनच या शिक्षकांना केवळ उपकारकर्ते वा केवळ धर्मप्रचारक ठरवणे आम्हांला अपुरे वाटते. त्यांनी जे ठरवून आणले आणि जे त्यांच्या हातून येथे राहिले, यांत अंतर आहे. आणला होता धर्मोपदेश. मागे राहिले छापखान्याचे कसब, ‘ज्ञानोदया’सारखे १८४२ मध्ये नगरला निघालेले नियतकालिक आणि मुलींनी शाळेत बसण्याची सवय. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कसब शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभारला आणि तेथे संस्कृत ग्रंथ छापले गेले. एका धर्माच्या प्रसारासाठी घडलेल्या कौशल्याने दुसऱ्या परंपरेचे ग्रंथ जतन व्हावेत, हा इतिहासाचा न्याय कोणत्याही पक्षाच्या सोयीचा नाही. मिशनऱ्यांचे प्रकरण शिकवताना आपण विद्यार्थ्यांना हे अंतर मोजायला लावले, तर ती निर्जीव यादी पुन्हा बोलू लागेल.