एक घर, दोन पासपोर्ट : गोवा, पोर्तुगाल आणि जोडीदाराचा हक्क

१/
यवतमाळ जिल्ह्यातील राजूरची एक तरुणी आणि गोव्यातील म्हापशाचा एक तरुण विवाहबद्ध झाले, अशी कल्पना करू. तरुणाच्या वडिलांचा जन्म १९५५ चा. दोघे युरोपला निघाले, तर त्याला व्हिसा लागत नाही आणि तिला लागतो, असे घडू शकते. पुढे तिचीही त्यातून सुटका होऊ शकते. या विसंगतीचा उगम १९६१ मध्ये आहे.

२/
१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथील रहिवासी भारतीय नागरिक ठरले. ज्यांना पोर्तुगीज नागरिकत्व राखायचे होते, त्यांना तसे लेखी कळवण्याची मुभा होती. लिस्बनमधील सालाझार राजवटीने मात्र हे विलीनीकरण मान्यच केले नाही. तिच्या लेखी गोमंतकीय पोर्तुगीजच राहिले.

३/
एप्रिल १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालमधील हुकूमशाही संपली. ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरीही मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांसाठी राष्ट्रीयत्वाचे दार बंद झाले नाही. जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरी करून त्यांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्व सिद्ध करता येते. १९८१ च्या कायद्यान्वये त्यांच्या अपत्यांनाही तो मार्ग खुला आहे.

४/
१ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायात सामील झाला आणि जुन्या जन्मनोंदीचे मोल पालटले. पोर्तुगीज पासपोर्टवर कालांतराने इतर सदस्य देशांतही राहता व काम करता येऊ लागले. इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती उभी राहिली. याची किंमतही होती: भारतीय कायद्यानुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते.

५/
आता जोडीदाराकडे वळू. कुटुंब मागे ठेवावे लागत असेल, तर कामगार परदेशी जाण्यास धजावणार नाही, हे युरोपने लवकर ओळखले. १९६८ च्या नियमाने दुसऱ्या सदस्य देशात काम करणाऱ्याच्या पती वा पत्नीला, राष्ट्रीयत्व कोणतेही असो, सोबत राहण्याचा हक्क दिला. व्हिसाची अट मात्र कायम ठेवता येत होती.

६/
या हक्काचा विस्तार करणारा एक गाजलेला खटला भारतीयाचाच आहे. सुरिंदर सिंग यांची पत्नी ब्रिटिश होती. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत काम केले व नंतर ते ब्रिटनमध्ये परतले. मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळते, असा निर्णय लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी दिला.

७/
२९ एप्रिल २००४ च्या निर्देशाने (क्रमांक २००४/३८) हे विखुरलेले नियम एकत्र केले. बिगर-युरोपीय जोडीदाराला व्हिसा लागलाच, तर तो विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यावा, असे त्यात आहे. नागरिकाच्या कुटुंबीयाला मिळणारे निवासपत्र हाती असेल, तर व्हिसाच लागत नाही.

८/
येथे एक मेख आहे. दांपत्य जर्मनीत स्थायिक झाले, तर राजूरच्या तरुणीला हे निवासपत्र मिळू शकते. पतीसोबत वा त्याच्याकडे जाताना ती फ्रान्समध्ये व्हिसाविना प्रवेश करू शकते. तेच दांपत्य थेट पोर्तुगालमध्ये राहू लागले, तर पती स्वदेशातच असल्याने हा निर्देश लागू होत नाही; तेथे पोर्तुगालचा स्वतःचा कायदा चालतो.

९/
अंमलबजावणीतही अडथळे आले. स्पेनचे निवासपत्र असलेल्या एका कोलंबियन पत्नीकडून ब्रिटन स्वतःचा वेगळा परवाना मागत होते. १८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ती अट बेकायदा ठरवली. पण ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमधील मुक्त संचाराचे पर्व संपले आणि स्विंडनमध्ये नव्याने येऊ पाहणाऱ्या पोर्तुगीज गोमंतकीयांसाठी तो रस्ता बंद झाला.

१०/
जोडीदाराचा हा हक्क स्वयंभू नाही; तो दुसऱ्याच्या नागरिकत्वातून उतरलेला आहे. एका बाजूला १९६१ पूर्वीची जन्मनोंद आणि दुसऱ्या बाजूला विवाहनोंद, अशा दोन कागदांवर तो उभा असतो. विवाह तुटला तर? कार्यवाहीपूर्वी तो किमान तीन वर्षे टिकलेला असेल व त्यातले एक वर्ष यजमान देशात गेले असेल, तर निवासाचा हक्क राखता येतो. कौटुंबिक हिंसेच्या पीडितांसाठी ही मुदतही आड येत नाही. परक्या देशात पतीच्या पासपोर्टवर विसंबून राहणाऱ्या स्त्रीसाठी सीमेवरील सवलतीपेक्षा हे कलम अधिक मोलाचे आहे.